खिशातला पहिला संगणक: तुमच्या आठवणी लिहा

मेघना_के: माळा आवरताना बाबांचा एचपी २००एलएक्स सापडला. १९९४ चं मॉडेल, मिटला की कोटाच्या खिशात मावतो. दोन पेन्सिल सेल घातले आणि चक्क चालू झाला! आत डॉस ५ ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम, आणि लोटस १-२-३ (एक्सेलसारखं हिशेबाचं शीट) साठी तर वेगळं बटणच. बाबा मशिनरी विकायचे. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की समोरच दर बदलायचे, खाली एकूण रक्कम लगेच फिरायची. त्या काळी लोक बघतच राहायचे. तुमच्याकडे कोणाकडे होता का असला काही?

कोकण्या: ९५एलएक्स! १९९१ चा. मस्कतला साइटवर वापरलाय. स्क्रीनवर १६ ओळी, ओळीत ४० अक्षरं, शीट सारखी सरकवावी लागायची. २०० वर ८० अक्षरं आली तेव्हा कोण आनंद झाला होता. स्लॅश, एफ, एस... लोटसमध्ये सेव्ह करायला बोटं अजून तशीच जातात.

स्वरा: मामाकडे लंडनला सायन सिरीज ३ होता, तोही खिशातला संगणकच. कीबोर्ड काय सुरेख! पुढे त्याच घराण्यातून सिंबियन आलं, नोकियाच्या फोनवरची ऑपरेटिंग सिस्टिम.

मेघना_के: फाइली एकही दिसत नाहीये 😔

जुना_गडी: ताई, यातला सी ड्राइव्ह म्हणजे नुसती रॅम, सेलवर टिकणारी मेमरी. पेन्सिल सेल उतरले की आतला बटण सेल सांभाळतो, तोही संपला की सगळं पुसलं जातं. कडेच्या खाचेत कार्ड आहे का बघा. फ्लॅश कार्ड असेल तर त्यातलं टिकलं असेल. ए ड्राइव्ह उघडा.

पमाकाकू: मला यातलं काही कळत नाही, पण एसटीच्या कंडक्टरच्या हातात पहिल्यांदा मशीन बघितलं तेव्हा वाईट वाटलं होतं. ती चिमट्याची टिकटिक गेली.

कोकण्या: काकू, अगदी! आणि तिकिटांची ती पत्र्याची पेटी. आमच्या राजापूर गाडीचे मास्तर अंधारातसुद्धा बरोब्बर तिकीट फाडायचे.

मेघना_के: कार्ड आहे!!! कोटेशनंच कोटेशनं. आणि एक शीट ताईच्या लग्नाची. हॉल, केटरर, बॅन्ड, मानपान, सगळं ओळीने. बॅन्डचे पैसे दोनदा कमी केलेत, शेजारी 'बोलणे' लिहिलंय. ताईला फोन लावतेय.

पमाकाकू: लाव गं लाव.

जुना_गडी: कार्डातलं आधी कॉपी करून घ्या. आणि ठेवून देताना सेल काढा, पाझरले तर स्प्रिंगा गंजतात.