एमीलू हॅरिस लाइव्ह: रायमन आणि स्पायबॉय इतके वेगळे का?

ठायलय
अमेरिकन कंट्री गायिका एमीलू हॅरिसचे दोन लाइव्ह अल्बम सध्या आलटून पालटून ऐकतोय, १९९२ चा 'अ‍ॅट द रायमन' (नॅशव्हिलच्या रायमन सभागृहातला) आणि १९९८ चा 'स्पायबॉय'. 'कॉलिंग माय चिल्ड्रन होम' दोन्हींत आहे, दोन्हीकडे वाद्यांशिवाय, नुसते गळे. तेवढं सोडलं तर मधल्या सहा वर्षांत बाईंनी घराणंच बदललं की काय, असं वाटतं.

तर प्रश्न असे: हा फरक गळ्याचा की साथीचा? तिचा आवाज बारीक, श्वास मिसळलेला, दणदणीत मुळीच नाही. मग मंचावर तो बँडखाली दबत कसा नाही? आणि याआधीचं लाइव्ह काय ऐकावं? "काय गाते बाई!" यावर सगळ्यांचं एकमत आहे असं धरून त्यापुढचं सांगा.

मॅन्डोलिनवाला
साथीचा. गळा फारसा बदललेला नाही.

१९७५ पासून तिच्यामागे 'हॉट बँड' होता. एल्व्हिस प्रेस्लीबरोबर वाजवणारे जेम्स बर्टन आणि ग्लेन डी. हार्डिन त्यात होते, म्हणजे इलेक्ट्रिक गिटार, पियानो, पेडल स्टील (पायपट्ट्यांची आडवी गिटार) असा भरलेला संच. अशा संचात एक कायमची भानगड असते. ड्रम आणि गिटार मोठे, म्हणून गायिकेला स्वतःचा आवाज ऐकू यायला मॉनिटर, म्हणजे तिच्याकडे तोंड केलेला स्पीकर, वाढवायचा; मॉनिटर वाढला की माइकमध्ये तोच आवाज परत शिरतो; शेवटी ती गळ्यावर जोर देते. बारीक गळ्यावर जोर दिला की सूर चढतो आणि हळू गाण्यातली मजाच जाते.

१९९० च्या सुमारास तिने 'नॅश रॅम्बलर्स' उभे केले आणि हा प्रश्न मुळातून सोडवला. सॅम बुश मॅन्डोलिन आणि फिडलवर, अ‍ॅल पर्किन्स डोब्रो आणि बँजोवर, रॉय हस्की ज्युनियर उभ्या बासवर, जॉन रँडल गिटारवर, लॅरी अ‍ॅटामनुइक ड्रमवर. ड्रम आहेत, पण ठेका खरा धरलाय बास आणि मॅन्डोलिनने. चार मात्रांत पहिली-तिसरी बासची, दुसरी-चौथी मॅन्डोलिनची. मॅन्डोलिनवर आघात झाला की डाव्या हाताची बोटं लगेच सैल करून तार मुकी करतात, त्यामुळे 'चक्' एवढाच आवाज येतो. तो क्षणात संपतो आणि पुढची जागा गळ्याला मोकळी राहते.

डोब्रोचा प्रश्न अवघड आहे. मांडीवर आडवी धरून, वरून पोलादी कांडी फिरवून वाजवायची गिटार. आपल्या हवाईयन गिटारची भावंडच, फक्त पोटात धातूची चकती. तिची मींड लांबते आणि पट्टा नेमका गळ्याचा, म्हणजे दोघांची टक्कर ठरलेली. म्हणून पर्किन्स काय करतो बघा: एमीलूची ओळ चालू असताना जवळजवळ गप्प, ओळ संपून ती श्वास घेते तेवढ्यात दोन-तीन सुरांची जागा भरतो आणि बाजूला होतो. आपल्याकडे पेटीवाला गायकाच्या मागोमाग सावलीसारखा जातो, इथे नेमकं उलट. एमीलूचा आवाज दबत नाही याचं निम्मं श्रेय मी या गप्प बसण्याला देईन.



बाकावरचा
रायमनच्या वेगळेपणात वास्तूचाही वाटा आहे. १८९२ मध्ये प्रार्थनासभांसाठी बांधलेलं सभागृह, आत लाकडी बाकं. १९७४ मध्ये 'ग्रँड ओल ऑप्री' ही कंट्री संगीताची रेडिओ मैफल तिथून हलली आणि पुढे इमारतीची दशा झाली. १९९१ मध्ये एप्रिल संपता संपता एमीलूने तिथे तीन रात्री ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा सज्जात आणि सज्जाखाली कुणाला बसू देत नव्हते. त्यामुळे श्रोते जेमतेम दोनशे.

ते ऐकू येतं. भरलेल्या सभागृहात माणसं आणि त्यांचे कपडे आवाज पिऊन टाकतात. रिकामी बाकं तो परत पाठवतात. टाळ्यासुद्धा गर्दीच्या नाहीत, सुट्या सुट्या आहेत. या अल्बमने रायमनकडे पुन्हा लक्ष गेलं, दुरुस्ती झाली आणि १९९४ मध्ये ते मैफलींसाठी उघडलं. एका लाइव्ह अल्बमने सभागृह वाचवायला हातभार लावला, अशी उदाहरणं फार नसतील.

काळी चार
'कॉलिंग माय चिल्ड्रन होम'बद्दल. अंगावर काटा येण्यामागे एक साधं गणित आहे. गिटारचे पडदे समान विभागणीचे, त्यामुळे तिथला ग 'सा'पासून ४०० सेंटवर (अख्खं सप्तक १२०० सेंटचं). स्वयंभू गांधार ३८६ वर. म्हणजे गिटारचा ग १४ सेंट चढा, तंबोऱ्यावर तयार झालेल्या कानाला खुपणारा. वाद्यं काढून घेतली की गळ्यांना पडद्यांचं बंधन उरत नाही, चांगले गाणारे आपसूक खऱ्या गांधाराकडे सरकतात. आधीची चार गाणी गिटारसकट ऐकून मग हे लावलं तर फरक लगेच कळतो. एकटंच ऐकलं तर तितका नाही.

आता तिची हार्मनी, म्हणजे मुख्य चालीच्या जोडीने गायलेली दुसरी ओळ. बऱ्याच जणांची समजूत अशी की वरचा गळा म्हणजे चालीच्या प्रत्येक सुराला तिसरा सूर जोडायचा: सा ला ग, रे ला म, ग ला प. इथपर्यंत ठीक. चाल प वर आली की हिशेबाने नी येतो, आणि मागे सा-ग-प चा कॉर्ड वाजत असेल तर तो नी वरच्या 'सा'ला घासतो. तिथे तिसरा सोडून थेट वरचा सा घ्यावा लागतो. हा सांधा ज्याला गुळगुळीत करता येतो, त्याची हार्मनी यांत्रिक वाटत नाही. एमीलू हार्मनी वेगळ्या चालीसारखीच गाते. तिची ओळ तेवढी गुणगुणून बघा, स्वतंत्र गाणं वाटेल.

रोखठोक
कौतुक मान्य, पण एक बोलतेच. शब्द! 'स्पायबॉय'मध्ये अर्ध्या ठिकाणी व्यंजनं गिळलेली आहेत. १९९५ च्या 'रेकिंग बॉल' अल्बमनंतर तिने सूर पुढे आणि उच्चार मागे केले, आणि भक्तमंडळी त्याला 'धुक्यातला आवाज' म्हणतात. गोष्ट सांगणाऱ्या गाण्यात गोष्टच कळली नाही तर कसं?

मॅन्डोलिनवाला
@रोखठोक, तक्रार खरी आहे. कारण पुन्हा साथीतच सापडेल. 'स्पायबॉय'मध्ये तिच्याखेरीज तिघंच: बडी मिलर इलेक्ट्रिक गिटारवर, डॅरिल जॉन्सन बासवर, ब्रेडी ब्लेड ड्रमवर. माणसं कमी, पण गिटारवर ट्रेमोलो आहे, म्हणजे आवाज लाटेसारखा सतत वर-खाली होतो. मॅन्डोलिनचं 'चक्' जशी मोकळी जागा सोडतं तशी ही लाट सोडत नाही. क, त, प सारखी कोरडी व्यंजनं त्यात बुडतात, लांब स्वर तेवढे तरंगतात. मग गायिकाही स्वरांवर रेंगाळते. चांगलं की वाईट, ज्याची त्याची आवड. माझं मत: 'बोल्डर टू बर्मिंगहॅम'ला ती लाट शोभते, वेगवान गाण्यांत मात्र रायमनचा संच सरस.

ब्लेडचा ठेकाही नॅशव्हिलचा नाही, न्यू ऑर्लिन्सच्या वळणाचा आहे. 'स्पाय बॉय' हा शब्दही तिथल्याच मार्डी ग्रा सणाच्या मिरवणुकीतला, टोळीच्या पुढे चालून वाट हेरणारा.

ठायलय
बापरे, भरपूर मिळालं. फोनच्या स्पीकरवर रायमन पोकळ का वाटतो, तेही सांगून टाका.

बाकावरचा
उभ्या बासची सर्वात खालची तार ४१ हर्ट्झवर. फोनच्या इवल्याशा स्पीकरला ते झेपत नाही. पहिली-तिसरी मात्राच पातळ झाल्यावर मॅन्डोलिन अधांतरी टकटक करणारच. साधे वायरचे हेडफोनही चालतील, कानात नीट बसले पाहिजेत.

काळी चार
राहिला क्रम. सुरुवात ग्रॅम पार्सन्स या कंट्री-रॉक गायकाच्या 'लाइव्ह १९७३' पासून करा. न्यूयॉर्क राज्यातल्या रेडिओ केंद्रासाठीचं प्रक्षेपण, अल्बम १९८२ मध्ये आला. तिथे ती जोडीचा गळा आहे, त्यामुळे वर सांगितलेले सांधे तासून बघायला याहून बरं काही नाही. मग १९८२ चाच 'लास्ट डेट', विजेच्या वाद्यांचा संच कसा वाजायचा ते कळायला. त्यानंतर 'रॅम्बल इन म्युझिक सिटी': नॅशव्हिलमधली २८ सप्टेंबर १९९० ची मैफल, पडून राहिलेलं ध्वनिमुद्रण २०२१ मध्ये बाहेर आलं. संच नॅश रॅम्बलर्सचाच, पण तिची जुनी गाजलेली गाणी आहेत. हॉट बँडसाठी बांधलेलं गाणं मॅन्डोलिन-डोब्रोवर कसं उतरवलं, ते इथे जोडीने तपासता येतं. मग रायमन, शेवटी स्पायबॉय.

रोखठोक
आणि स्पायबॉय ऐकताना शब्द समोर उघडे ठेवा.