नाकाबंदीत मोबाईल उघडायला लावला, मदत हवी आहे

माझा मावसभाऊ फूड डिलिव्हरी करतो. रात्रीच्या नाकाबंदीत लायसन्स, पीयूसी बघून झाल्यावर त्याला मोबाईलचं लॉक काढायला लावलं. व्हॉट्सॲपच्या सर्चमध्ये "माल", "गांजा" टाकून पाहिलं, गॅलरी चाळली (बहिणीचे फोटोसुद्धा), आणि शेवटी हवालदाराने स्वतःच्या मोबाईलवर त्याचा व आधारचा फोटो काढला. सापडलं काहीच नाही. पंचनामा नाही, पावती नाही, नोंदवहीत सही नाही.

चौकीवर विचारलं तर "रूटीन चेकिंग". माहिती अधिकारात "कोणत्या कलमाखाली?" असं विचारलं, त्यावर "प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही". पहिल्या अपिलाची मुदत अजून आहे.

सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा पुट्टस्वामी निकाल (खासगीपणा हा मूलभूत अधिकार) माहीत आहे. नागरिक सुरक्षा संहितेचं (सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १८५ वाचलं, त्यात झडतीआधी कारणं लेखी नोंदवायची आहेत. कलम १०५ मध्ये झडतीचं चित्रीकरण. पण रस्त्यावर हे ऐकवलं की "३५३ लावू का?" हे ठरलेलं. (म्हणजे सरकारी कर्मचाऱ्याला कामापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर करण्याचं आयपीसीचं कलम; ते आता न्याय संहितेत १३२ झालंय, धमकी मात्र जुन्याच नंबराची.)

तो रोज त्याच चौकातून जातो, त्यामुळे भांडण नको. वकिलाचा खर्चही झेपणार नाही.

अपिलात नेमकी कोणती कागदपत्रं मागू: स्टेशन डायरीची त्या रात्रीची नोंद, नाकाबंदीचा आदेश, की आणखी काही? तो फोटो डिलीट करायला लेखी अर्ज कोणाकडे द्यायचा, पोलीस उपायुक्तांकडे की थेट राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे? आणि पुढच्या वेळी "लॉक काढ" म्हणाले तर त्याने कोणत्या शब्दांत नकार द्यावा?