मिश्रीला कुणी व्यसन म्हणतच नाही

इथं चर्चेत कुणीतरी लिहिलंय की आपल्याकडच्या बायका दारू-सिगारेट घेत नाहीत, म्हणजे गर्भाला व्यसनाचा धोका हा शहरी विषय. एकदा सकाळी आमच्या सांगली जिल्ह्यातल्या तासगाव-जत बाजूला या. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि बोटानं दातांना लावत निवांत बसायचं, हीच मिश्री. माझी चुलती म्हणायची, "दात घासते मी, व्यसन कसलं?" दोन्ही बाळंतपणांत सुटली नाही.

धूर नसला तरी निकोटीन हिरड्यांतून रक्तात उतरतं, वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळापर्यंत जातं, रक्तवाहिन्या आकसतात. मूल कमी वजनाचं होण्याचा, दिवस भरण्याआधी येण्याचा, पोटातच दगावण्याचा धोका वाढतो. अडीच किलोच्या खालचं जन्मलं की खापर सुनेच्या खाण्यावर. मिश्रीच्या डबीकडे कुणी बघत नाही.

गरोदरपणात रुबेलाची (जर्मन गोवराची) लस घेता येते का, असं विचारणाऱ्या ताईंना: नाही, तेव्हा ती देत नाहीत. जिवंत विषाणूची लस आहे, दिवस राहण्याआधी घ्यायची आणि मग निदान महिनाभर गर्भधारणा टाळायची. पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयाचे दोष होऊ शकतात. ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये हा संबंध दाखवला, तोही बाळांच्या मोतीबिंदूवरूनच.

आणि गरोदरपणाच्या नावनोंदणीला "तंबाखू खाता का?" विचारलं की उत्तर "नाही" येतं. "मिश्री लावता का?" असं विचारून बघा.