अर्जंट मदत हवी आहे: मागच्या चाकाचे स्पोक एकामागून एक तुटतायत

घाट_उतार (रात्री ९:१२)
लोकहो, पटकन कोणीतरी सांगा. पुणे ते कन्याकुमारी निघालोय, सहा जण आहोत, आजचा पाचवा दिवस आणि संध्याकाळी तिसरा स्पोक तुटला. पहिला गेला तेव्हा दुर्लक्ष केलं, काल दुसरा गेला तेव्हा हायवेवरच्या एका पंक्चरवाल्याने पाना फिरवून आऊट (चाकाची डगमग) काढून दिला आणि म्हणाला आता काही होत नाही, आणि आज हा तिसरा. चाक असं लडबडतंय की मागून येणारे काका म्हणाले, अरे तुझी सायकल पिऊन आल्यासारखी चालतेय. उद्या पहाटे ५ ला निघायचंय. नवीन चाकच लागेल का स्पोक टाकून भागेल? प्लीज फालतू गप्पा नकोत, बॅटरी २३ टक्के आहे.

नळस्टॉपचा_निवांत
आहात कुठे ते लिहा की राव. पुणे ते कन्याकुमारी म्हणजे सोळाशेच्या आसपास किलोमीटर, त्यात नेमके कुठे? सायकल कुठली, ब्रेक कुठले?

हवा_टाईट
ट्यूबलेस करून घ्या. मी केलं तेव्हापासून डोक्याला ताप नाही. आत सीलंट असतं, बारीक काटा घुसला तर आपोआप बुजतो. थोडा खर्च होतो पण एकदाच.

घाट_उतार
पंक्चर झालेलंच नाहीये हो!! स्पोक तुटलाय, स्पोक.
@निवांत राणेबेन्नूरला आहोत. हायब्रीड आहे, ७०० सी, डिस्क ब्रेक, ३२ स्पोकचं चाक.

दर्यावर्दी
म्हणून सांगत असतो, बंगलोर हायवेने जाऊ नका. ट्रकचा धूर आणि तेच तेच उड्डाणपूल. कोकणात उतरायचं, गोवा, कारवार, उडुपी, मंगळूर करत समुद्राच्या कडेकडेने केरळात शिरायचं. आम्ही तसेच गेलो, एक स्पोक तुटला नाही.

शनिवारातला_पाना
स्पोकला कुठला रस्ता ते कळत नाही, त्याला ओढ कळते.
घाट_उतार, तुम्ही अर्धी माहिती दिलीत, तेव्हा आधी दोन प्रश्न. तिन्ही तारा, म्हणजे स्पोक, चेनच्या बाजूच्या का डाव्या बाजूच्या? आणि तुटल्यात कुठे, निपलपाशी (रिमकडची बारीक चकरी) का हबपाशी (चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी) वाकलेली असते तिथे? तुटलेले तुकडे ठेवले असतील तर बघून सांगा. फेकले असतील तर प्रश्नच मिटला.

६००_वाला
रायडरचं वजन किती? मी ६०० ची बीआरएम (६०० किमीची, ठरलेल्या वेळेत संपवायची राईड) याच हायवेवर केलीये, ४० तासांची मुदत असते, मी त्याच्या बऱ्याच आत संपवली. चाकाला हातसुद्धा लावावा लागला नाही. ट्रिपआधी चाक ट्रू, म्हणजे सरळ, करून घेतलं नव्हतं का?

घाट_उतार
वजन ७४. ट्रू करून घेतलं होतं, निघायच्या आदल्या आठवड्यात फुल सर्व्हिसिंग केलंय.
@पाना तिन्ही चेनच्या बाजूच्या. तिन्ही हबपाशीच, वाकतात तिथे. दोन तुकडे आहेत माझ्याकडे, पहिला खंबाटकीनंतर कुठेतरी पडला.

नळस्टॉपचा_निवांत
आणि कॅरियरवर सामान किती आहे?

घाट_उतार
जास्त नाहीये. १४ किलो असेल.

नळस्टॉपचा_निवांत
एकट्याचं १४ किलो??

घाट_उतार
एकट्याचं नाही, ग्रुपचं कॉमन सामान माझ्याकडे आहे कारण माझंच कॅरियर दणकट आहे. सगळ्यांचे रेनकोट, छोटा स्टोव्ह, दोन ट्यूब, पंप, औषधांची पिशवी. काकूंनी दिलेले दाण्याचे लाडू, ते निघताना चार किलो होते, आता अडीच राहिलेत. आणि कन्याकुमारीला फोटो काढायचाय म्हणून फ्लेक्स, त्याच्या दोन काठ्यांसकट.

कसब्यातली_काकू
फ्लेक्स!! काठ्यांसकट!! पुण्याचं नाव काढलंत हो.

६००_वाला
कळलं कारण. एवढं ओझं मागच्या चाकावर टाकल्यावर काय होणार. विषय संपला.

शनिवारातला_पाना
विषय संपलेला नाही. १४ किलोने ३२ तारांचं चाक पाच दिवसांत असं जात नाही. पूर्वी दूधवाले चाळीस चाळीस लिटरचे कॅन लावून कात्रजकडून पेठेत यायचे. ओझ्याने भर पडली असेल, पण एकाच बाजूच्या तीन तारा एकाच ठिकाणी तुटल्या म्हणजे तिथे काहीतरी झालंय. मागच्या चाकात उजवीकडे कॅसेटला (गिअरच्या दातेरी चाक्यांना) जागा द्यायची असते म्हणून त्या बाजूच्या तारा उभ्या आणि जास्त ताणलेल्या असतात. त्यात कुठे ओरखडा पडला की प्रत्येक फेरीला तार तिथेच थोडी थोडी उघडत जाते आणि एक दिवस टक.
चेन कधी पडली होती का? पुढे नाही, मागे, कॅसेट आणि तारांच्या मधे?

घाट_उतार
हो. निपाणीच्या पुढे तवंदी घाटात. सगळ्यात हलका गिअर टाकला आणि चेन आत जाऊन अडकली, दहा मिनिटं ओढून काढली. पण ती तर दुसऱ्या दिवशीची गोष्ट आहे, पहिला स्पोक तुटायच्या आधीची, तिचा काय संबंध?

नळस्टॉपचा_निवांत
🙏

शनिवारातला_पाना
तिचाच संबंध. खंबाटकी तवंदीच्या आधी येतो, म्हणजे पहिला तुकडा 'खंबाटकीनंतर' म्हणताय तो बराच नंतर पडलाय, ते एक असो. तारांपाशी प्लास्टिकची गोल चकती असते, कॅसेटच्या मागे. ती आहे का?

घाट_उतार
ती मीच काढली. सगळे म्हणाले चकती म्हणजे लहान मुलांची सायकल वाटते.

कसब्यातली_काकू
सगळे कोण?

घाट_उतार
ग्रुपमधलेच. विशेषतः जे दोघं आत्ता पुढे गेलेत ते.

शनिवारातला_पाना
झालं मग. चेन आत पडली की कॅसेटच्या अगदी जवळून जाणाऱ्या ज्या बाहेरच्या अंगाच्या आठ तारा, त्यांना ती करवतीसारखी घासते. त्यातल्या तीन गेल्या. मोबाईलचा टॉर्च लावा आणि उरलेल्या पाच हबपाशी नखाने चाचपून बघा. नख अडकलं तर त्याही जाणार, आज नाही तर चित्रदुर्गाच्या पवनचक्क्या दिसायच्या आत.

घाट_उतार
बघितलं. चारला नख अडकतंय. पाचवीला थोडंसं.
आता काय करू?

हुबळीची_माहेरवाशीण
राणेबेन्नूरहून दावणगेरे चाळीसएक किलोमीटर आहे, मोठं गाव आहे, गिअरच्या सायकलींची दुकानं नक्की मिळतील, पण उघडणार नऊ-दहाला. पाचला निघून उपयोग नाही. दुकानात तुटका तुकडा दाखवा आणि "ई स्पोक बेकु" म्हणा, पुढचं हातवाऱ्यांनी होतं. आणि तिथे गेलातच तर बेण्णे डोसा खाल्ल्याशिवाय हलू नका.

दर्यावर्दी
बेण्णे डोसा ठीक आहे, पण उडुपीची सर नाही.

हुबळीची_माहेरवाशीण
तुम्ही खाल्लाय का दावणगेरेत? लोण्याचा गोळा वर वितळत असतो आणि बरोबर बटाट्याची पांढरी भाजी. पुण्यात त्या नावाने जे देतात ते सोडून बोला.

नळस्टॉपचा_निवांत
मंडळी, माणसाची बॅटरी संपतेय.
सरळ टेम्पोत टाका सायकल आणि दावणगेरे गाठा. नाहीतर रेल्वे आहेच, हुबळी-बंगलोर लाईनवरच आहात, पार्सलला सायकल लावा.

६००_वाला
मग ती सायकलने केलेली कन्याकुमारी म्हणायची का? चाळीस किमी टेम्पोत गेलं की राईड मोडली. मी असतो तर हातात धरून चालत नेली असती.

नळस्टॉपचा_निवांत
तुम्ही असतात तर ४० तासांत पोचला असतात, माहितीये.

जुनी_अटलस
टेम्पो काय, रेल्वे काय. १९२३ साली मुंबईहून पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२८ ला पुरं करून परत आले. वाळवंटं, जंगलं सगळं पार केलं, गिअर नाहीत, मोबाईल नाही, धागा काढायला फोरम नाही. हल्लीच्या पोरांना एक तार तुटली की रडू येतं.

कसब्यातली_काकू
तीन तारा. वाचून तरी लिहा.

शनिवारातला_पाना
टेम्पो नको असेल तर एक जुगाड आहे, माझ्या दुकानात कित्येकांना करून दिलाय. कॅसेट काढायचा पाना आणि चेन व्हिप (तेव्हा कॅसेट धरून ठेवायचं हत्यार) आहे का तुमच्याकडे?

घाट_उतार
टूलची बॅग पुढे गेलेल्या दोघांकडे आहे. त्यांना तुंगभद्रेवर सूर्योदय बघायचाय म्हणून हरिहरला मुक्काम केलाय. फोन उचलत नाहीयेत.

कसब्यातली_काकू
चकती काढा म्हणणारे तेच ना हे?

घाट_उतार
हो.

शनिवारातला_पाना
पान्याशिवायही होतं. नीट वाचा. सकाळी कुठलंही साध्या सायकलचं दुकान उघडलं की २८ इंची सायकलची मागची तार घ्या, तीन घ्या, आणि निपल पण त्याच तारेच्या घ्या, तुमच्या जुन्या निपलात आटे बसतीलच असं नाही. ती तार तुमच्यापेक्षा लांब असते, तेच हवंय. टायर, ट्यूब आणि रिमची पट्टी काढून जुनी निपल बाहेर काढा. नवीन तार मापाला लावून, वाकवायला सेंटीमीटरभर जास्त धरून, डोक्याकडचं, म्हणजे हबकडचं टोक कापा (आट्याकडचं नाही!!) आणि पक्कडीने ते टोक इंग्रजी झेडसारखं दोनदा वाकवा. आता ती तार हबच्या भोकात आकड्यासारखी अडकते, कॅसेट काढायची गरजच नाही. निपल आवळा, आणि बोटाने तार वाजवून बघा. शेजारच्या तारेपेक्षा आवाज थोडा खालचा आला पाहिजे, त्याहून जास्त आवळू नका, आकडा सुटेल. डिस्क ब्रेक आहे म्हणून थोडा आऊट चालून जाईल, रिमचे ब्रेक असते तर रबर घासलं असतं.
कॅरियर रिकामं करा. उभं राहून पायडल मारू नका. आणि सगळ्यात मोठ्या चाकीवर चेन टाकू नका. डिरेलरवर (मागे चेन सरकवून गिअर बदलतो तो भाग) दोन बारीक स्क्रू असतात, त्यातला एल लिहिलेला पाव फेरा आत घ्या म्हणजे चेन परत आत उडी मारणार नाही.

हवा_टाईट
टायर काढताच आहात तर ट्यूबलेसचा विचार करा.

घाट_उतार
🙏🙏 बॅटरी ४ टक्के. सकाळी बघतो

घाट_उतार (दुसऱ्या दिवशी, दुपारी २:४०)
दावणगेरेत आहोत. राणेबेन्नूरचं दुकान साडेआठला उघडलं, दुकानदार आजोबांना झेड दाखवायला गेलो तर त्यांनी माझ्या हातातून पक्कड काढून घेतली आणि दोन मिनिटांत तिन्ही वाकवून दिल्या, त्यांना आधीच माहीत होतं. हरिहरपर्यंत प्रत्येक खड्ड्याला टिंग टिंग वाजत होतं, पण टिकल्या. इथे गिअरवाल्याकडे कॅसेट काढून आठच्या आठ तारा बदलल्या, डिरेलरचा हँगरही (ज्यावर तो लटकतो ती पट्टी) आत वाकलेला निघाला, तो सरळ केला. चकती त्याच्याकडे होती, बसवली.
सामान वाटून दिलंय. फ्लेक्स आणि काठ्या आता सूर्योदयवाल्यांकडे. पाना काका, खरंच आभार. डोसा पण खाल्ला.

शनिवारातला_पाना
शंभर किलोमीटरनंतर परत एकदा आऊट बघून घ्या, नवीन तारा बसताना सैल होतात. आणि मला काका म्हणू नका, अजून साठी व्हायचीये.

दर्यावर्दी
उडुपीला गेला असतात तर...

राणेबेन्नूरचे_काका (नवीन सदस्य)
मी याच ग्रुपमधला. पुतण्याने धागा दाखवला म्हणून खातं काढलं. दोन खुलासे. एक, सायकल पिऊन आल्यासारखी चालतेय असं मी म्हणालो नव्हतो, लग्नातल्या बँडवाल्यासारखी म्हणालो होतो. दोन, लाडू अडीच किलो राहिलेले नाहीत, दीडच आहेत, कारण ते याच्याच कॅरियरवर आहेत.