हेफेवाइझनला केळ्याचा वास आला म्हणून 5 पैकी 1?

खडकीकर:
काल एकाने पुण्यातल्या मायक्रोब्रूअरींची (स्वतःची बिअर बनवून विकणाऱ्या छोट्या ठिकाणांची) गुणपत्रिका टाकली. हेफेवाइझनला, म्हणजे जर्मन गव्हाच्या बिअरला, 5 पैकी 1, कारण ‘केळ्याचा वास, गढूळ’. आयपीएला, म्हणजे मुळातच कडवट बिअरला, 2, कारण ‘कडू’. काळ्या स्टाऊट बिअरला 1, कारण ‘चिल्ड नव्हती’. डोकंच फिरलं. बव्हेरियन गव्हाच्या बिअरला केळं-लवंगेचा वास येतो तो यीस्टमुळे. तो आला नाही तर गुण कापा! गढूळपणा गव्हाचा आणि तरंगत्या यीस्टचा. नितळ हवी असेल तर क्रिस्टलवाइझन मागवा. आयपीए कडू नसेल तर काय गोड असणार? बीजेसीपी या अमेरिकेतल्या बिअर-परीक्षक संस्थेच्या 50 गुणांच्या तक्त्यात दिसण्याला 3 गुण असतात, वासाला 12 आणि चवीला 20. इथे नुसतं बघून निकाल. पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रूअरी 2009 मध्ये सुरू झाली. इतकी वर्षं टॅपची बिअर पिऊनही आपण सगळ्याच बिअर बाटलीतल्या लागरच्या, म्हणजे नेहमीच्या नितळ बिअरच्या, मापाने मोजायच्या का?

मुंढवारोड:
ती गुणपत्रिका माझीच. पैसे मी मोजतो, जीभ माझी. अमेरिकन परीक्षकांचा तक्ता पाठ करून कोणी प्यायला बसत नाही. आणि या ‘स्टाइल’चा, म्हणजे बिअरच्या ठरलेल्या प्रकारांचा, फायदा कोणाला होतो ते सांगतो. एका ठिकाणी लागरला चक्क पॉपकॉर्नच्या बटरचा वास होता. परत पाठवली तर वेटर म्हणतो, ‘सर, स्टाइलच तशी आहे.’ पूर्ण बिल भरून उठलो. तेव्हापासून स्टाइल ऐकली की माझं टाळकं सरकतं.

खडकीकर:
तो बटरचा वास म्हणजे डायअसिटिल, आणि लागरमध्ये तो दोषच. यीस्ट तो आधी तयार करतं आणि नंतर स्वतःच संपवतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. टाकी लवकर रिकामी केली की बटर ग्लासात येतं. स्टाइल माहीत असती तर त्या वेटरला तिथेच गप्प करता आलं असतं.

म्युनिकवासी:
सरसकट दोष नाही हं. चेक पिल्सनर या लागरमध्ये थोडा डायअसिटिल चालतो, पिल्सनर उर्केलमध्येही तो जाणवतो. पण मला वेगळंच बोलायचंय. इथे लोक सकाळी वाइसवुर्स्ट (पांढरं सॉसेज), गोड मोहरी आणि ब्रेत्झेल या खारट पावाबरोबर वाइसबिअर, म्हणजे हीच गव्हाची बिअर, पितात. सुट्टीवर पुण्यात आलो की टेबलावर आधी मसाला शेंगदाणे येतात, त्यावर कांदा, मिरची आणि वर पिळलेलं लिंबू. त्यानंतर कुठली लवंग नि कुठलं केळं कळणार? पहिले चार घोट तरी चखन्याशिवाय घ्या, मग गुण द्या.

कोथरूडची काकू:
झालं, आता शेंगदाण्यांवर घसरले! अहो, आमच्याकडे नुसतं पीत बसायची पद्धत नाही. तिखट खाल्ल्यावर गव्हाची बिअर किती छान लागते ते एकदा बघा. मी विटबिअर, म्हणजे बेल्जियन गव्हाची बिअर, कोळंबी फ्रायबरोबरच घेते. तिच्यात मुळातच धणे आणि संत्र्याची साल असते, म्हणजे आपल्या जेवणाशी तिचं जमतंच. बेल्जियमच्या लोकांना धणे चालतात, मग आमच्या मसाल्याचंच वावडं का?

म्युनिकवासी:
विटबिअरचं मान्य. पण आयपीएबरोबर मिरची खाल्ली की तिखटही वाढतं आणि कडूही. मग हेच लोक ‘कडू काढा’ लिहितात.

मुंढवारोड:
‘हेच लोक’ म्हणजे कोण? म्युनिकमध्ये बसून आम्हाला खायला शिकवू नका. आयपीए मी कोरीच प्यायलो होतो.

हॉपवेडा:
भांडण चखन्यावर आणि खरा गुन्हेगार बर्फ लावलेला ग्लास! गारठलेल्या जिभेला वास-चव काही कळत नाही. स्टाऊट 10-12 अंशांना प्या, कॉफी-चॉकलेट आपोआप वर येतं. ग्लास हातात धरून दहा मिनिटं थांबायला काय जातं?

मुंढवारोड:
एप्रिलमध्ये, चाळीस अंशांत, गच्चीवर बसून? दहा मिनिटांत तिचा चहा होईल.

कोथरूडची काकू:
यात मी मुंढव्याच्या बाजूने. थंड हवी म्हणजे हवी.

हॉपवेडा:
मग उन्हाळ्यात स्टाऊट मागवूच नका ना! कोल्श ही हलकी जर्मन बिअर घ्या. स्वतःच चुकीची मागवायची आणि तारे ब्रूअरचे कापायचे, हा अन्याय आहे. त्यांच्या धंद्यावर परिणाम होतो.

खडकीकर:
हेच म्हणतोय मी. ‘मला आवडली नाही’ लिहा, शंभर वेळा लिहा. ‘बिघडलेली आहे’ हे मात्र दोष ओळखता आला तरच लिहा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केळं सापडलं म्हणून 1 आणि बटर सापडलं म्हणूनही 1, तर वाचणाऱ्याने काय समजायचं?

मुंढवारोड:
ठीक, हेफेवाइझनचा 1 काढतो आणि ‘केळं आवडत नसेल तर घेऊ नका’ असं लिहितो. स्टाऊटचा 1 तसाच राहणार. पण तुमच्या ब्रूअर मंडळींनाही सांगा, फळ्यावर नावाखाली चवीची एक ओळ लिहा आणि बिअर टॅपवर कधी चढवली ती तारीख टाका. गिऱ्हाईकाकडून एवढा अभ्यास मागता, तर तेवढं त्यांनीही करावं.

खडकीकर:
तारखेचं शंभर टक्के बरोबर. आयपीएला तर ती हवीच, हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा, वास सगळ्यात आधी उडतो. स्टाऊटवरून मात्र भांडण चालू राहील.