'श्रममूल्य सिद्धांत' की 'मूल्याचा श्रमसिद्धांत'?

अनुराधा: मार्क्सच्या 'भांडवल'च्या पहिल्या खंडावरचा (१८६७) लेख मराठीत करतेय. वस्तूचं मूल्य तिच्यात लागलेल्या श्रमातून येतं, या सिद्धांताचं नाव संपादकांनी सगळीकडे 'श्रममूल्य सिद्धांत' करून पाठवलं. मला पटत नाही. वाचणारा विग्रह करणार 'श्रमाचं मूल्य', आणि श्रमाला स्वतःचं मूल्य नसतं हेच तर तिथे मांडलंय. कामगार विकतो ती श्रमशक्ती, म्हणजे काम करण्याची क्षमता. 'मूल्याचा श्रमसिद्धांत' चालेल?

सदानंद: 'श्रममूल्य' रुळलाय. रुळलेल्या शब्दाचा विग्रह कोण करत बसतं?

काका_सातारकर: अनुराधाताई, तुमची भीती रास्त आहे. मोलमजुरी, मोलकरीण हे शब्द बघा. संस्कृतातही 'मूल्य'चा एक अर्थ वेतन. मराठी कानाला मोल आणि मजुरी एकच वाटतात, म्हणून घोळ जास्त.

निशिगंध: त्याहून वाईट 'वरकड मूल्य', म्हणजे कामगाराची मजुरी देऊन वर उरणारं मूल्य. आमच्या घरी 'वरकड खर्च' म्हणजे रिक्षा, चहा, हारफुलं. मालकाचा सगळा नफा ज्यातून निघतो, त्याला असा किरकोळ शब्द? 'अतिरिक्त' लिहा.

सदानंद: 'अतिरिक्त' सरकारी आहे: अतिरिक्त आयुक्त, अतिरिक्त शिक्षक. 'वरकड' शेतकऱ्यालाही कळतो. पोटापुरतं ठेवून वर उरलं ते वरकड. घरचा शब्द असताना संस्कृत कशाला?

भागवत_बीड: ऊसतोडीतला शब्द सांगतो. नवराबायको मिळून एक 'कोयता', एकटा माणूस 'अर्धा कोयता'. मुकादम हंगामाआधी 'उचल' देतो, म्हणजे पुढच्या काही महिन्यांची श्रमशक्ती आधीच विकली. मजुरी मात्र टनावर. गाडी यायला उशीर झाला की मोळ्या बांधून फडातच थांबायचं, त्या वेळेचे पैसे नाहीत. श्रम आणि श्रमशक्ती यांतला फरक आमच्याकडे पुस्तक न वाचताही कळतो.

निशिगंध: जेवण पोचवणाऱ्या मुलांचं तेच. ऑर्डरमागे पैसे, हॉटेलच्या दारात थांबलेला वेळ त्यांच्या खिशातून. कंपनी त्यांना 'पार्टनर' म्हणते. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, मग कसली भागीदारी?

सदानंद: पण अॅपचं मूल्य सॉफ्टवेअर आणि डेटातून येतं. जुना सिद्धांत तिथे लंगडा पडतो.

भागवत_बीड: सॉफ्टवेअर लिहिणाराही पगारीच ना? आणि नगावर मजुरी हा भांडवलशाहीला सगळ्यात सोयीचा प्रकार, हे मार्क्सने त्याच खंडात लिहिलंय. आपल्याकडे त्याला शब्द आहे, उक्तं.

काका_सातारकर: उक्तं म्हणजे सबंध काम ठरवून देणं. नगावरची मजुरी वेगळी.

भागवत_बीड: आमच्याकडे सबंध कामाला 'गुत्तं' म्हणतात, देणारा-घेणारा गुत्तेदार. कानडीत 'गुत्तिगे' आहे, तिथलाच असणार.

अनुराधा: लेख परवा द्यायचाय. शीर्षकात काय लिहू?

काका_सातारकर: तेलुगूतही 'गुत्त' आहे. कानडीतूनच आला कशावरून?