कोन बांधून देणाऱ्या साधनाने सुरीला धार : उतार चमकतो, पण टोमॅटो कापत नाही

आमसूल यांचा प्रश्न :

नमस्कार. स्वयंपाकघरातील सुऱ्यांना घरीच धार लावता यावी म्हणून मी अलीकडे कोन बांधून देणारे एक साधन ऑनलाइन मागवले. सुरी पकडीत घट्ट बसवायची, खांबावरच्या सांध्यातून जाणाऱ्या दांड्याला दगड जोडायचा आणि तो धारेवरून सरकवत राहायचा, अशी त्याची रचना आहे. सोबत २४०, ४००, ८०० आणि १५०० क्रमांकाचे चार दगड आले. पुस्तिकेत असे लिहिले आहे की कोन एका बाजूस १५ अंश ठेवावा आणि प्रत्येक दगड प्रत्येक बाजूवर २० वेळा फिरवावा. मी अगदी तसेच केले.

सुरी जर्मन पद्धतीची, स्टेनलेस पोलादाची आणि सुमारे २० सेंटिमीटर पात्याची आहे. धारेलगतचा उतार आता आरशासारखा चमकतो, परंतु पिकलेल्या टोमॅटोवर सुरी ठेवली की साल आधी दबते आणि मग फाटते. टोकाजवळ तर उतार बाकी पात्यापेक्षा रुंद दिसतो आणि तेथे सुरी जवळजवळ कापतच नाही. माझा कोन चुकतो आहे की दगड कमी पडतात? ३००० क्रमांकाचा आणखी बारीक दगड घ्यावा का? आणि याच साधनावर विळीलाही धार लावता येईल का? आमच्या भागात सायकलवरून येणारा धारवाला आता फिरकत नाही, म्हणून हे सर्व शिकून घेणे भाग आहे.

जुना फिटर :

आमसूल ताई, ३००० चा दगड सध्या घेऊ नका. तुमची अडचण पहिल्याच दगडावर आहे, आणि तेथे जे राहून गेले ते पुढचा कोणताही बारीक दगड भरून काढू शकत नाही.

या साधनांबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. ते फक्त कोन स्थिर ठेवते. दगड धारेच्या अगदी कडेपर्यंत पोहोचला की नाही, हे ते सांगत नाही. जर्मन पद्धतीच्या सुऱ्यांना कारखान्यातून एका बाजूस साधारण १५ ते २० अंशांचा उतार दिलेला असतो आणि वापरलेल्या सुरीचा उतार बहुधा आणखी बोथट झालेला असतो. तुमच्या सुरीवर आधीचा उतार २० अंशांचा आहे असे धरा आणि तुम्ही साधन १५ वर लावले. आता दगड टेकतो तो उताराच्या वरच्या खांद्यावर, म्हणजे जेथे उतार संपून पात्याचा सपाट भाग सुरू होतो तेथे. धारेची कड त्याला लागतच नाही. खांदा घासला जातो, चकाकतो, आणि आपल्याला वाटते की काम झाले.

किती धातू काढावा लागतो याचा अंदाज हवा असेल तर साधा हिशेब करता येतो. धारेमागे पात्याची जाडी अर्धा मिलिमीटर असेल, तर २० अंशांवर उताराची रुंदी सुमारे ०.७ मिलिमीटर येते आणि १५ अंशांवर ती जवळपास १ मिलिमीटर व्हावी लागते. एवढी धातू बारीक दगडाने निघत नाही. ती २४० च्या दगडानेच, आणि वीसपेक्षा कितीतरी अधिक वेळा फिरवून काढावी लागते. पुस्तिकेतला २० हा आकडा कोणत्या सुरीसाठी आहे, ती किती बोथट होती, पोलाद कोणते होते, यातले काहीच त्या पुस्तिकेला ठाऊक नसते. म्हणून हात, म्हणजे दगडाच्या फेऱ्या, मोजणे सोडून द्या.

त्याऐवजी दोन खुणा पाहा. पहिली मार्करची. दोन्ही बाजूंच्या उतारावर काळ्या मार्करची शाई लावा, सर्वांत बारीक दगड हलक्या हाताने दोनतीनदा फिरवा आणि भिंगातून पाहा. शाई फक्त वरच्या खांद्याजवळून गेली असेल तर कोन लहान आहे, फक्त धारेवरून गेली असेल तर मोठा आहे, आणि पूर्ण उतारावरून गेली असेल तर आधीचा कोन सापडला. पहिल्यांदा धार लावताना हाच कोन ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सुरी कापायला लागली की कोन कमी करण्याची हौस पुढे कधीही भागवता येते.

दुसरी खूण बर उठण्याची. एका बाजूने दगड कडेपर्यंत पोहोचला की धातूची अतिशय बारीक किनार विरुद्ध बाजूला वळते. पाठीकडून धारेच्या दिशेने, म्हणजे धारेच्या पलीकडे निसटेल अशा रीतीने, अंगठा अलगद सरकवला तर ती खरखरीत लागते. धारेच्या लांबीने बोट कधीही फिरवू नये. मुठीपासून टोकापर्यंत ही बर सलग जाणवली, तरच बाजू बदलायची. मग दुसऱ्या बाजूने तीच क्रिया. दोन्ही बाजूंनी बर उठल्याशिवाय पुढचा दगड हातात घेऊ नये. पुढच्या दगडांचे काम फक्त आधीच्या दगडाचे ओरखडे पुसणे आणि बर लहान करत नेणे एवढेच असते, त्यामुळे त्यांना फार वेळ लागत नाही.

शेवटी बर काढून टाकणे. येथे अनेकांची धार बिघडते, कारण ती किनार जागेवर असली की सुरी कागद सपासप कापते, आणि चार कांदे चिरल्यावर ती किनार मोडून पुन्हा बोथट होते. शेवटच्या दगडावर दाब जवळजवळ शून्य करून एक हात या बाजूस, एक त्या बाजूस, असे थोडे करावे आणि मग चामड्याच्या पट्ट्यावर पाते पाठीच्या दिशेने ओढावे. पूर्वी न्हावी वस्तऱ्यासाठी वापरत तसा पट्टा उत्तम, पण जुन्या पट्ट्याचा गुळगुळीत तुकडा लाकडी फळीला चिकटवला तरी चालतो.

त्रिकोणमिती :

फिटरकाकांचे म्हणणे मान्य आहे. टोकाच्या अडचणीचे कारण मात्र वेगळे आहे, आणि त्याबद्दल एक गैरसमज सर्वत्र पसरलेला दिसतो. पकडीपासून जसजसे दूर जावे तसतसा दांडा लांबतो आणि म्हणून कोन कमी होत जातो, असे सांगितले जाते. सरळ धारेच्या बाबतीत हे खरे नाही. सांधा गोलाकार असेल आणि दांडा स्वतःभोवती फिरू शकत असेल, तर दगडाची पातळी (म्हणजे त्याच्या सपाट पृष्ठाचे प्रतल) ही नेहमी त्या सांध्यातून आणि धारेच्या रेषेतून जाणारी पातळी असते (दगडाची जाडी तूर्त बाजूला ठेवू). एक बिंदू आणि एक सरळ रेषा यांतून एकच पातळी जाते. त्यामुळे धार सरळ आहे तोवर कोन मुठीपाशी आणि मध्यभागी सारखाच राहतो.

कोन बदलतो तो धार वळू लागते तेथे. कोन ठरतो दोन गोष्टींवरून : पात्याच्या पातळीपासून सांध्याची उंची, आणि सांध्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून धारेच्या स्पर्शरेषेपर्यंतचे लंब अंतर. समजा उंची ५५ मिलिमीटर आणि सरळ धारेपर्यंतचे अंतर १५० मिलिमीटर आहे, तर कोन सुमारे २० अंश येतो. आता टोकाजवळ धार ३० अंशांनी वळली आहे, तो भाग सरळ धारेच्या रेषेपेक्षा १५ मिलिमीटर मागे आहे आणि पकडीच्या मध्यापासून १२० मिलिमीटर दूर आहे, असे धरू. तेथे लंब अंतर सुमारे १७७ मिलिमीटर होते आणि कोन जवळजवळ १७ अंशांवर उतरतो. तीन अंशांचा फरक म्हणजे पुन्हा तीच गोष्ट : दगड खांद्यावर घासतो, उतार रुंद दिसतो आणि कड कोरी राहते. तुमच्या वर्णनाशी हे तंतोतंत जुळते.

उपाय फुकट आहे. पकड टोकाच्या दिशेने सरकवा. वरच्या उदाहरणात तोच वळणाचा भाग पकडीपासून ७० मिलिमीटरवर आणला, तर लंब अंतर सुमारे १५२ मिलिमीटर होते आणि कोन पुन्हा २० अंशांच्या आसपास येतो. मुठीकडचा भाग त्यामुळे दूर जातो, पण तो सरळ असल्याने त्याला काही फरक पडत नाही. पकड टोकाच्या अगदीच जवळ नेली तर मात्र उलट होते आणि टोकाचा कोन मोठा होतो. एकदा योग्य जागा सापडली की पात्याच्या पाठीवर चिकटपट्टीची खूण करून ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी सुरी तेथेच बसवता येते. २० सेंटिमीटरचे पाते पातळ असेल तर मुठीकडे दाबाखाली वाकते, म्हणून तिकडे हात हलका ठेवावा.

विळीवाली :

वरील गणित वाचून मला थोडे दडपण आले, हे नमूद करते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा एक बाजू जाड, एक बाजू बारीक असा काळा दगड, त्याखाली ओले फडके आणि हाताला थोडी सवय, एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या सुऱ्या धारदार राहिल्या आहेत. चारपाच सुऱ्यांसाठी एवढे यंत्र मांडून बसण्याची गरज काय?

जुना फिटर :

ताई, हाताचा दगड शिकून घ्यावा, याबद्दल वादच नाही. मी स्वतः घरी तोच वापरतो. परंतु हाताला कोन धरून ठेवण्याची सवय होईपर्यंत दर फेरीला कोन दोनचार अंशांनी हलतो आणि कड गोल होत जाते, आणि त्या काळात बहुतेक लोक निराश होऊन दगड माळ्यावर टाकतात. साधन घेतल्यावर ती पायरी वगळता येते. बर म्हणजे काय, ती कधी उठते आणि कशी जाते, हे नवशिक्याला साधनावर अधिक लवकर कळते. माझ्या मते त्याचा खरा उपयोग हाच आहे. ज्यात सुरी खाचेतून ओढायची असते त्या स्वस्त खोक्यांपेक्षा तर हे नक्कीच बरे, कारण ती खोकी कड ओरबाडतात आणि कोनही आपल्या हाती ठेवत नाहीत.

आमसूल :

सर्वांचे आभार. मार्कर लावून पाहिला. शाई खरोखरच फक्त वरच्या अर्ध्या भागातून गेली. आणखी दोन शंका आहेत. चारही दगडांची जाडी सारखी नाही, त्याने बिघडते का? आणि दगडांवर पाणी टाकावे की तेल?

त्रिकोणमिती :

जाडीने फरक पडतो. सांध्यापासून धार १५० मिलिमीटरवर असेल, तर १ मिलिमीटर अधिक जाड दगडाने कोन सुमारे ०.४ अंशाने कमी होतो. ऐकायला किरकोळ वाटते, पण बारीक दगड जाड असेल तर तो पुन्हा कडेपर्यंत पोहोचणार नाही. दगड बदलला की सांधा तेवढ्याच मापाने वर घ्यावा, किंवा लोहचुंबकाने चिकटणारा डिजिटल कोनमापक दगडावर ठेवून आकडा जुळवावा. नेमके जुळत नसेल तर बारीक दगडाचा कोन किंचित मोठा राहिलेला चालतो, लहान राहिलेला चालत नाही.

जुना फिटर :

तुमच्या साधनातले दगड बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे असावेत. त्यांवर पाणी किंवा पातळ खनिज तेल, यांपैकी एक काहीतरी ठरवून तेच कायम वापरावे. खोबरेल किंवा गोडेतेल टाकू नये, ते साचून राहते आणि दगडाची छिद्रे बुजतात. हिऱ्याच्या पट्ट्या असतील तर पाण्याचे दोन थेंब पुरतात, पण त्यांवर जोर देऊ नये. हिऱ्याचे कण निकेलच्या थरात बसवलेले असतात आणि दाबाने उपटून निघतात. साधे दगड वापराने मध्ये खोलगट होतात. काचेवर जाड पॉलिश पेपर ठेवून त्यावर ते सपाट करून घ्यावेत.

क्रमांकांच्या आकड्यांवरही फार भिस्त ठेवू नका. जपानी मापानुसार १००० क्रमांकाचा कण साधारण ११ ते १२ मायक्रॉनचा असतो, तर युरोपीय पॉलिश पेपरवरचा पी १००० सुमारे १८ मायक्रॉनचा. स्वस्त दगडांवर कोणते माप लावले आहे ते लिहिलेलेच नसते. तुमच्या सुरीला ८०० वर थांबून बर नीट काढली तरी पुरे. जर्मन पद्धतीच्या सुऱ्यांचे पोलाद कठीणपणाच्या रॉकवेल मापावर साधारण ५६ च्या आसपास असते, त्यावर आरशासारखी धार फार दिवस टिकत नाही, आणि टोमॅटोच्या सालीला किंचित खरखरीत कडच अधिक चांगली पकडते. ६० च्या आसपासच्या कठीण जपानी सुऱ्यांची गोष्ट वेगळी. तेथे १५ अंशांखालचा कोन आणि बारीक दगड दोन्ही शोभतात.

विळीवाली :

विळीच्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे, ते मी देते. या साधनावर विळी बसत नाही. पाते पाटात ठोकलेले असते, आणि वेगळे काढले तरी त्याची वक्रता एवढी असते की वरच्या गणिताप्रमाणे प्रत्येक बोटावर कोन बदलेल. विळीसाठी तोच काळा दगड हातात धरून वापरावा. चिरताना बसतो तसे धारेसमोर बसू नये. पाट उलटा फिरवून पाठीच्या बाजूने बसावे, म्हणजे धार आपल्यापासून दूर राहते. पाते खालून एका हाताने पाटासकट दाबून धरावे आणि दगड पाठीकडून धारेकडे, वळणाबरोबर फिरवत न्यावा. बर येथेही तशीच उठते आणि तशीच तपासायची. विळी जुन्या पोलादाची असेल तर काम संपल्यावर धुऊन लगेच कोरडी करावी आणि खोबरेलाचा हात फिरवावा, कारण ताज्या घासलेल्या जागी गंज फार लवकर चढतो. दगडाला वर्ज्य असलेले तेल पात्याला चालते. टोकाला खवणी असल्यास तिच्या दातांना दगड लागू देऊ नये. दात बोथट झाले असतील तर बारीक तिकोनी कानशीने एकेक दाताची फट साफ करावी लागते.